पायाच्या पेपरात दहापैकी दहा

दहावीच्या परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा मास्तर आमच्या तालुक्यात नव्हता. मोज्यात, कंपासपेटीच्या झाकणात, मनगटाच्या आतल्या बाजूला, पट्टीच्या पाठीवर, कुठंही लपवलेलं असो, मला वर्गाच्या दारातूनच वास यायचा. पोरं मला मागून काय म्हणत होती ते मला माहीत आहे आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. तर असा मी, पंचवीस-सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉप्या पकडल्यावर, पन्नाशी ओलांडून स्वतः कॉपी करायला लागलो आणि तीही दवाखान्यात. त्यात माझा उजवा पाय जायची वेळ आली. ही हकीकत त्या पायाची आहे.

शुगर सापडली तीसुद्धा माझ्या लबाडीमुळंच. निवडणुकीची ड्युटी लागली होती आणि मला ती नको होती. मतदान केंद्र पार गोदावरीच्या काठाला, म्हणजे आमच्या बोरीकडून दोन बस बदलून जायचं. आजारपणाचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून परभणीच्या एका डॉक्टरांकडं गेलो आणि म्हणालो, "काहीतरी निघेल असं बघा." डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, शांत स्वभावाचे. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि खरोखरच निघालं. मी लगेच सर्टिफिकेटचा विषय काढला. ते म्हणाले, "सर, शुगरवाल्यांना ड्युटी माफ केली तर मतदान घ्यायला माणूस उरणार नाही." आजार पदरात पडला आणि ड्युटी काही टळली नाही. गोळ्यांची पहिली पट्टी खिशात घालून मी मतदान घेऊन आलो.

मग दर तीन महिन्यांनी तपासणी सुरू झाली. परीक्षेची तारीख आधी कळली की काय करायचं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तारखेच्या आधी चार दिवस मी एकदम साधू व्हायचो. सकाळी मेथ्यांचं पाणी, दोन्ही वेळेला ज्वारीची एकच भाकरी आणि कारल्याची भाजी, संध्याकाळी जिंतूर रोडनं थेट ओढ्याच्या पुलापर्यंत चालणं. घरात चहाला साखर बंद. बायको म्हणायची, "असंच रोज ऱ्हावा की." मी म्हणायचो, "परीक्षा रोज असते का?" पाचव्या दिवशी रक्त द्यायचं, आकडे बघून डॉक्टर खुश व्हायचे आणि मी खाली उतरून बसस्टँडसमोरच्या गाड्यावर पावशेर जिलेबी घ्यायचो. ती गरम असताना खाल्ली तर बाधत नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं.

हे वर्षभर चाललं. नंतर एकदा डॉक्टरांनी न सांगता वेगळीच तपासणी लिहून दिली. मागच्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली ते म्हणे त्यात कळतं. आकडा आला आणि त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "सर, तुम्ही शिक्षक आहात ना?" मी मान हलवली. माझ्यावर पकडलं जायची पाळी पहिल्यांदाच आली होती आणि काय करायचं ते सुचेना, म्हणून मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र बघत बसलो.

दरम्यान अंगात एकेक नवीन पाहुणा येऊन मुक्काम टाकत होता. आधी बीपी आलं. मी म्हणालो, अधिकारी शाळा तपासायला आले की कोणाचंही वाढेल. मग रक्तात चरबी निघाली. तिचा दोष मी बायकोच्या फोडणीवर ढकलला. मग डावा खांदा धरला. मी डावरा आहे, फळ्यावर डाव्या हातानं लिहितो. हात छातीच्या वर जाईना, म्हणून सहा महिने माझा वर्ग फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर चालला. गणित मधूनच सुरू व्हायचं आणि पोरं वह्यांमध्येसुद्धा अर्धं पान सोडून लिहायला लागली. शाळा समितीच्या बैठकीत ठराव हात वर करून मंजूर करतात. माझा हात वर दिसला नाही, तेव्हा दोन ठरावांना मुख्याध्यापकांचा, म्हणजे माझा, विरोध असल्याची नोंद झाली. त्यातला एक ठराव मीच मांडलेला होता.

खांद्याचं कारण मी एसटीच्या दांडीला धरून उभं राहण्यात शोधलं. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर म्हणालो ब्रश नवीन आहे. एक दाढ पिठल्याबरोबर निघून आली, तर पिठल्यात खडा होता असा आरोप केला. बायकोनं ताटातली दाढ उचलून माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "खडा न्हाई, ह्ये तुमचंच हाय."

हे सगळं एकदा डॉक्टरांपुढं उलगडलं. मी पाचही तक्रारींसाठी पाच वेगळे डॉक्टर गाठायच्या विचारात होतो. त्यांनी थांबवलं. म्हणाले, "सर, ही सगळी एकाच घरातली आहेत. शुगर आली की तिची माणसं मागोमाग येतात. कोणी डोळ्यात, कोणी मूत्रपिंडात, कोणी खांद्यात. एकाला वेगळं काढून भागत नाही."

"म्हणजे सासरवाडीच की," मी म्हणालो. बायको शेजारीच बसली होती. परतीच्या बसमध्ये ती परभणीपासून घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी पायांचंही विचारलं होतं. पायाला मुंग्या येतात का, आग होते का, बधिर वाटतात का. मी नाही म्हणालो, आणि तेवढं तरी खरं बोलतोय असं मला वाटत होतं. वर्षापूर्वी तळपायाला मुंग्या यायच्या, चादरसुद्धा टोचायची. मग ते हळूहळू कमी झालं आणि एक दिवस थांबलं. मी समजलो, पाय बरा झाला. शुगरच्या घरातला एक तरी माणूस न सांगता निघून गेला, याचा मला आनंद होता.

आता आमच्या गावात भरलेल्या तपासणी शिबिराचं सांगतो. शुगरवाल्यांचे पाय तपासणार होते. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, आणि गावातले एकजात सगळे गोड पुढारी रांगेत. एका निळ्या काडीला ताठ नायलॉनचा धागा लावलेला, मासे धरायच्या गळाला असतो तसा. नर्सताई तो धागा तळपायाला दहा ठिकाणी टेकवणार, आपण डोळे मिटून बसायचं आणि टेकल्याचं कळलं की 'हो' म्हणायचं. सोपा पेपर.

माझ्या आधी आमच्या आळीतले एक बागायतदार बसले होते. त्यांना दहातले चारच कळले. मी रांगेतूनच म्हणालो, "नापास." लोक हसले, तेही हसले. त्यांना चपलांबद्दल, पाय रोज बघण्याबद्दल बरंच काही सांगून कागदावर लिहून दिलं.

माझी पाळी आली. डोळे मिटले. थोडा वेळ काहीच होईना आणि तेवढ्यात ताईंच्या हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. मी म्हणालो, "हो." पुन्हा शांतता, पुन्हा किणकिण, पुन्हा "हो." परीक्षेच्या हॉलमध्ये पंचवीस वर्षं नुसत्या कानावर पहारा केलेला माणूस मी. कागद कुठं कुरकुरला हे न बघता सांगणाऱ्याला बांगड्या काय अवघड आहेत. पायाला काही कळतंय का, इकडं माझं लक्षही गेलं नाही. मला उत्तर बरोबर यायला हवं होतं आणि ते येत होतं. दहापैकी दहा मिळाले. ताई कौतुकानं म्हणाल्या, "सरांचे पाय एकदम चांगले आहेत." मी त्या बागायतदारांकडं बघून मिशीतल्या मिशीत हसलो आणि घरी येऊन बायकोला मार्क सांगितले.

त्याच वर्षी श्रावण अधिक आला. म्हणजे धोंड्याचा महिना. आमच्याकडं या महिन्यात जावयाला मान असतो. सासरी बोलावतात, पाय धुतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढतात. तीन वर्षांनी एकदाच येणारा योग. सोनपेठहून सासऱ्यांचा फोन आला तेव्हापासून मी मनातल्या मनात हिशेब करत होतो, की तपासणीची तारीख धोंड्यांच्या आधी पाडून घ्यायची.

सासरी जायच्या आधीच्या आठवड्यात चावीचा गोंधळ झाला. शाळेत पोषण आहाराच्या धान्याची एक खोली आहे, तिची चावी माझ्याकडं असते. घरी मी ती दाराशेजारच्या खिळ्याला अडकवतो, आणि त्या खिळ्याखाली चपला-बुटांचा रॅक आहे. खिळा वाकडा होऊन चार महिने झाले होते. "खिळा बदला, खिळा बदला," म्हणून बायकोनं जीभ झिजवली होती. त्या दिवशी सकाळी मी घाईत बूट चढवले आणि खिळ्याकडं हात केला तर चावी नाही. वाटलं, काल शाळेतच राहिली असेल.

शाळेतही नव्हती. टेबलाचे खण उलटे केले, कपाटं बघितली. खिचडी शिजवणाऱ्या मावशी चूल पेटवून दाराशी उभ्या. मी त्यांना म्हणालो, "काल संध्याकाळी चावी तुमच्याचकडं होती."

"म्या तुमच्या हातात दिली सर," मावशी म्हणाल्या. "तुमी खिशात घातलात."

"मग खिशातून उडून गेली का?"

"ते मला काय म्हाईत."

माझा पारा चढला. मी सगळ्यांच्या देखत त्यांना बरंच बोललो. जबाबदारी, शिस्त, सरकारी धान्य, जे जे तोंडात आलं ते. त्या मान खाली घालून चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिल्या. मग चावी शोधायला मी मैदानभर फिरलो, गेटपर्यंत जाऊन आलो, पाण्याच्या टाकीमागं बघितलं, वर गच्चीवर गेलो. शेवटी दगडानं कुलूप फोडलं. खिचडी तासभर उशिरा झाली. दुपारनंतर एका शिक्षकाच्या मोटारसायकलवर न बसता मी शिस्तीचा भाग म्हणून दोन वस्त्यांवर गैरहजर पोरांच्या घरी पायी गेलो, कारण राग चालल्यानं उतरतो असं मी पोरांना सांगत असतो.

संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसून बूट काढले. उजवा बूट उलटा झाला आणि त्यातून चावी खाली पडली.

मी तिच्याकडं बघत राहिलो. डॉक्टरांनीच बूट एक नंबर मोठा घ्यायला सांगितला होता, त्यामुळं आत जागा भरपूर. सकाळी खिळ्यावरून सुटून बुटात पडली असणार. म्हणजे ज्या चावीसाठी मी सगळी शाळा डोक्यावर घेतली, तिच्यावरच दिवसभर उभा होतो. आधी मला हसू आलं. मग मावशींची आठवण झाली आणि हसू गेलं. पण पायाकडं बघावं हे काही मला सुचलं नाही. पाय दुखत नव्हता, तर बघायचं कशाला? शिवाय माझं पोट आणि गुडघे यांच्या संगनमतानं माझा तळपाय मला बरीच वर्षं दिसलेला नाही. मोजे काळे. मी ते धुण्याच्या बादलीत टाकले.

दुसऱ्या दिवशी शाळेत लवकर जाऊन चावी टेबलाच्या खालच्या खणात ठेवली आणि दहा वाजता सगळ्यांसमोर तिथूनच शोधून काढली. "अरे, ही इथं होय," असंसुद्धा म्हणालो. अभिनय बरा जमला. मावशींनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि तांदूळ निवडायला लागल्या.

पाच दिवसांनी आम्ही सोनपेठला पोचलो. सासऱ्यांनी वयाची ऐंशी गाठलेली, सासूबाई पंचाहत्तरीच्या. त्यांना वाकायला त्रास होतो म्हणून मी नको नको म्हणालो, पण ते रिवाजापुरतं. पाटावर बसलो. पुढं पितळी परात, बाजूला समई, आतून तुपाचा वास. मेव्हण्याच्या बायकोनं आधीच सांगून ठेवलं होतं की मला दोन धोंडे खायची परवानगी आहे. मी मनात चारवर सौदा पटवायचं ठरवत होतो.

सासऱ्यांनी तांब्यातून पाणी सोडलं. सासूबाईंनी डावा पाय धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं. मग उजवा पाय परातीत घेतला. त्यांचा हात तळव्यावरून फिरला आणि थांबला. पाणी सोडणारे सासरेही थांबले. मी समईकडं बघत होतो, कोणाचं लक्ष नाही असं समजून पोट थोडं सैल सोडलं होतं.

"बापू," सासूबाई म्हणाल्या, "लय दुखायलंय का?"

"काय?" मी विचारलं.

"ह्ये."

"कुठं?"

मी खाली बघितलं. परातीतलं पाणी लालसर झालं होतं. त्यांच्या हाताचं बोट माझ्या अंगठ्याच्या मागं, तळव्याच्या फुगवट्यापाशी होतं. पहिलं पेर दिसत नव्हतं. ते आत होतं. त्यांनी ते हळूच बाहेर काढलं तेव्हासुद्धा मला काही कळलं नाही. दिसलं तेवढंच.

सासूबाई रडायला लागल्या. त्यांना वाटलं त्यांनीच मला इजा केली. बायकोनं पाय हातात घेऊन उलटा केला, उजेडाकडं धरला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र, खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा लाज वाटली ती पायाला मोज्यांचा वास येत असेल याची. मी म्हणालो, "आधी जेवून घेऊ, मग बघू." सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "पावनं, उठा. गाडी काढायला सांगितलीय." धोंडे शिजत राहिले आणि आम्ही परभणीला निघालो.

डॉक्टरांनी जखम बघितली, एक चिमटा आत घालून खोली मोजली. म्हणाले, पू झालाय, हाडापर्यंत गेलं असेल तर अंगठा काढावा लागेल, आणि तिथं नाही थांबलं तर त्याच्या वर. किती वर ते त्यांनी हातानं दाखवलं. मी विषय बदलायचा म्हणून म्हणालो, "पण शिबिरात मला दहापैकी दहा होते."

त्यांनी मान वर केली. "दहापैकी दहा? या पायाला?"

बायको माझ्याकडं बघत होती. मी बांगड्यांचं सांगितलं. सगळं सांगितलं, चावीचंसुद्धा, आणि मुंग्या कशा थांबल्या तेही. डॉक्टर म्हणाले, मुंग्या थांबल्या म्हणजे नस बरी झाली असं नाही, ती बोलायची बंद झाली. त्यांनी खणातून तसलाच धागा काढला. "आता एकदा नीट करू. डोळे मिटा."

मी मिटले. इतके घट्ट मिटले की कपाळ दुखायला लागलं. या वेळी मला खरंच पास व्हायचं होतं. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. मी सगळं लक्ष पायात नेलं आणि वाट बघत बसलो. बराच वेळ गेला. डॉक्टरांना फोन आला असेल किंवा कोणी बोलावलं असेल असं वाटून मी म्हणालो, "करा सुरू. मी तयार आहे."

"झालं, सर," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही पायांचं झालं."

मी डोळे लगेच उघडले नाहीत. उघडले की बायकोकडं बघावं लागणार होतं. मला भीती वाटली, इतकी की आधी कधी वाटली नव्हती. ज्या पायांवर मी उभा राहत होतो ते मला न कळवता कधीच निघून गेले होते, आणि मी त्यांच्या तब्येतीचे मार्क घरोघर सांगत फिरत होतो.

आठ दिवस दवाखान्यात काढले. जखम दोनदा खरवडली, त्याचंही दुखलं नाही. दर सकाळी डॉक्टर अंगठ्याचा रंग बघायचे आणि आम्ही दोघं डॉक्टरांच्या चेहऱ्याचा. नवव्या दिवशी ते म्हणाले, हाड वाचलंय, अंगठा राहील. पण अडीच महिने तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. आणि साखर आटोक्यात ठेवायची, रोज, तारखेपुरती नाही. बायकोनं विचारलं, "आन् बाकीची मंडळी? बीपी, खांदा?" ते म्हणाले, घरातली मोठी वठणीवर आली की बाकीची पुष्कळशी ऐकतात.

घरी पलंगावर उशीवर पाय ठेवून पडलो. शाळेची माणसं येऊन जात होती. एक दिवस खिचडीच्या मावशी आल्या, पिशवीत शेतातली काकडी घेऊन. मी बायकोला चहा करायला पाठवलं आणि त्यांना म्हणालो, "मावशी, चावी माझ्या बुटात होती. खणात मीच ठेवली होती. मी तुम्हाला नाही नाही ते बोललो, माझं चुकलं."

"मला म्हाईत होतं सर," त्या म्हणाल्या.

"बुटात होती हे?"

"न्हाई. माझ्याकडं न्हवती ह्ये." आणि काकडी कोरडी ठेवा, ओलीनं सडते, असं सांगून त्या चहा न घेताच उठल्या. मला वाटलं होतं त्या हसण्यावारी नेतील. त्यांनी नेलं नाही आणि न्यायचं कारणही नव्हतं.

जखम भरत आली तेव्हाची गोष्ट. पट्टी बदलायचं बायको शिकली होती. एका संध्याकाळी ती घोट्याकडच्या बाजूनं चिमट्यानं कापूस फिरवत असताना मी ओरडलो, "आई गं."

तिनं हात थांबवला. "काय झालं?"

"टोचलं."

"खरंच? का बगून म्हणायलाव?"

माझी ही किंमत राहिली होती. मी डोळ्यांवर उपरणं बांधून घेतलं. तिनं हातातल्या बांगड्या वर सारून पदरानं बांधल्या, ते मला आवाजावरून कळलं, आणि सुरुवात केली. घोट्याशी टेकवलं, मी हो म्हणालो. थोडं खाली, हो. आणखी खाली, हो. मग काहीच नाही. ती वर आली, मी हो म्हणालो. पुन्हा खाली, पुन्हा काही नाही. असं तिनं पायाभोवती सगळीकडून केलं, न बोलता, घाई न करता. इतक्या संथपणे कोणी माझी परीक्षा घेतली नव्हती. डोळ्यांवर बांधलेलं उपरणं ओलं व्हायला लागलं होतं आणि ते सोडून टाकायची माझी तयारी नव्हती.

मग काहीतरी गार ओढल्यासारखं वाटलं, मधेच तुटलं, मधेच पुन्हा वाटलं. उपरणं सोडून बघितलं तर तिनं माझ्या टेबलावरचं लाल पेन घेऊन पायाभोवती एक रेघ मारली होती. घोट्याच्या जरा खालून निघून ती वाकडीतिकडी होत दुसऱ्या बाजूला गेली होती.

"ह्यो धुरा समजा," ती म्हणाली. शेतकऱ्याची लेक, दोन शेतांमधल्या बांधाला ती धुराच म्हणते. "धुऱ्याच्या वरचं तुमाला कळतंय, ते तुमी बगा. खालचं मी बगते."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती माझे दोन्ही पाय मांडीवर घेते, बॅटरी लावते आणि तिच्या वाट्याचं शेत तळापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघून घेते. मी भिंतीला टेकून बसतो आणि वरचं बघतो.